आढाव वकिलांचा अर्धा राहिलेला करार

आढाव वकिलांची स्कूटर वाशीत कुणी विकत घेत नव्हतं. याला कारण स्कूटर नव्हती, आढाव वकील होते. गिऱ्हाईक यायचं, स्कूटरभोवती चक्कर मारायचं, सीटवर थाप मारून बघायचं, आणि तेवढ्यात काळा कोट घातलेले हे गृहस्थ ऑफिसातून बाहेर येऊन सांगायचे, "ब्रेक लागतो, पण त्याला जरा आधी निरोप धाडावा लागतो. पावसाळ्यात दुसरा गिअर रुसतो. आणि हा रंग चकचकीत दिसतोय ना, त्याच्याखाली गंज आहे." गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे बघायचं आणि मुकाट्याने बसस्टॉपच्या दिशेने चालू लागायचं.

माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या ऑफिसला लागूनच होतं, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात दिसायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "वकीलसाहेब, घेणाऱ्याने बघून घ्यावं, असा तुमचा कायदाच आहे ना?"

"आहे की. कायदा त्याला सांगतो, डोळे उघडे ठेव. मला कुठे सांगतो, तोंड बंद ठेव?"

शेवटी ती स्कूटर तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने घेतली. तो म्हणाला, "आजवर गाडी खोलल्यावर कळायचं काय बिघडलंय. या माणसाने न खोलता सांगितलं. माझा अर्धा दिवस वाचला." आढाव वकील त्या दिवशी इतके खूष झाले की त्यांनी मला, मेकॅनिकला आणि मागे लागलेल्या एका भंगारवाल्यालाही चहा पाजला.

दानिएल सखाराम आढाव हे नगरकडचे ख्रिस्ती. रंगाने सावळे, अंगाने किडकिडीत, आणि भर मे महिन्यातसुद्धा कोटात. भेटल्यावर नमस्काराऐवजी 'सलाम' म्हणायचे, आणि तो असा खणखणीत की नवखा माणूस दचकून मागे बघायचा. खिशात कायम शेंगदाणे आणि गूळ. रविवारी दुपारी त्यांच्या घरी मंडळी जमून पेटी-तबल्यावर भजनं चालत. आढाव वकील मनापासून गात आणि मनापासून बेसूर गात. त्यांच्या पत्नी मार्थाबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणत, "देव सगळ्यांचं ऐकतो, म्हणून यांचं निभावतं."

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. खाडीवर पूल होता, पण रेल्वे यायची होती. वाशीत एक बिल्डिंग उभी, शेजारची अर्धवट, आणि पलीकडे चिखल, असं चाललं होतं. जो तो काहीतरी सुरू करत होता. कुणी ग्रिलचं वर्कशॉप, कुणी टेम्पो, कुणी इंग्रजीचे क्लासेस. मालवणातून मी आलो होतो, मराठवाड्यातून कुणी, केरळातून कुणी. आढाव वकील म्हणायचे, "परबशेठ, गावात माणसाचा आजा-पणजा ठाऊक असतो, म्हणून तिथे कागदावाचून चालतं. इथे कोणाचा बाप कोणाला माहीत आहे?" मग लगेच पुस्ती जोडायचे, "आणि माणसं काही वाईट नसतात हो. विसराळू असतात. कागद विसराळू माणसांसाठी."

भागीदारी, भाडं, मालाचा पुरवठा, असे छोट्या धंद्यातले करार हे त्यांचं मुख्य काम. कोर्टात ते क्वचितच जात. भांडण कोर्टात गेलं म्हणजे करार लिहिणारा नापास झाला, असं त्यांचं मत होतं. पण त्यांच्याकडे करार करायचा म्हणजे एक दिव्य होतं. कागद टाईप झाला, दोघांनी वाचला, सही करायला पेन उचललं, की हे हात वर करून म्हणायचे, "थांबा. खुर्च्या बदला."

म्हणजे खरंच उठून एकमेकांच्या खुर्चीत बसायचं. मग भाडेकरूने मालक व्हायचं, मालकाने भाडेकरू, आणि समोरच्याच्या वाट्याची कलमं स्वतःच्या तोंडाने, 'मी' म्हणून मोठ्याने वाचायची. स्वतः वकीलसाहेब एका बाजूचे असले, तर तेही आपली गादी घातलेली खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसायचे.

नावड्याचे दोघे मेहुणे पिठाची गिरणी काढायला आले होते, तेव्हा मी कार्बन पेपर द्यायला आत गेलो आणि तिथेच रेंगाळलो. थोरला मेहुणा चांगलाच पोचलेला होता. कागदाचा मजकूर त्यानेच सांगितला होता. धाकट्याला कशाचीच हरकत नव्हती, तो नुसता मान डोलवत होता. खुर्च्या बदलल्या आणि थोरला धाकट्याच्या जागी बसून वाचायला लागला, "मी पहाटे गिरणी उघडीन. मी दळण दळीन. मशीन बिघडल्यास दुरुस्ती मी स्वखर्चाने करीन. मला सुट्टी हवी असल्यास..." इथे तो अडला.

"वाचा की," वकीलसाहेब शेंगदाणे सोलत म्हणाले.

"नाय, हे जरा जास्तच होतंय," थोरला कपाळ पुसत म्हणाला.

"कोणाला?"

"मला... म्हणजे याला."

कागद पुन्हा टाईप झाला. दोघे मेहुणे जाताना हसत गेले, आणि त्यांची गिरणी पुढे चांगली चालली. मी म्हटलं, "झकास युक्ती आहे." वकीलसाहेब एकदम गंभीर झाले. "युक्ती नाही, परबशेठ. आमचा धर्म आहे तो. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागावं. चर्चमध्ये ऐकायला फार गोड वाटतं. पण चर्चमध्ये बसून ते जमत नाही, त्यासाठी खुर्ची सोडावी लागते."

बरं, हा धर्म ते चर्चलाही सोडत नसत. चर्चसाठी बाकं करायची होती आणि काम वाघमारे नावाच्या सुताराला द्यायचं ठरलं होतं. वाघमारे जालन्याकडचा, बौद्ध, हातात कसब आणि तोंडात कमी शब्द. कमिटीतले एक वजनदार गृहस्थ त्याला म्हणाले, "देवाचं काम आहे, जरा कमी करा." आढाव वकील कमिटीत होतेच. ते उठून म्हणाले, "देवाचं काम आहे म्हणूनच पूर्ण द्या. देवाच्या नावाने घासाघीस करून वाचलेले पैसे ठेवणार कुठे? त्याच्याच पेटीत?" कमिटी आठवडाभर त्यांच्यावर रागावलेली होती. वाघमारेने बाकं अशी केली की त्यांच्यावर प्रवचन ऐकताना झोप लागायची. वकीलसाहेब म्हणत, हा त्या करारातला एकमेव दोष.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. माझ्या दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती, सगळ्यांकडे असते तशी. ते रोज तिच्याकडे बघून मान हलवायचे. "परबशेठ, ही पाटी नव्हे, धमकी आहे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच तुम्ही भांडण उकरून काढलंत." मी म्हटलं, दुकान चालवून बघा म्हणजे कळेल. पाटी काही मी काढली नाही. मात्र ते समोर असताना कुणी न चालणारं पेन परत आणलं, की माझा हात आपोआप गल्ल्याकडे जायचा, आणि त्याचा मला फार राग यायचा.

तर अशा या खुर्च्या बदलायला लावणाऱ्या माणसाची त्या खुर्चीनेच पंचाईत केली.

त्यांच्या ऑफिसच्या पलीकडचा गाळाही त्यांचाच होता. सोडतीत मिळालेला आणि बरीच वर्षं कुलपात पडलेला. ट्रक उभे राहायचे तिथे जनाबाई म्हात्रे नावाची आगरी बाई हातगाडीवर जेवण विकायची. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वाल. हमाल, ड्रायव्हर, बँकेतले साहेब, सगळे तिच्याकडे जेवायचे. तिला आता चार भिंतींची खानावळ हवी होती. आढाव वकील तिचे रोजचे गिऱ्हाईक. ते म्हणाले, "दिवाळी झाली की माझा गाळा तुम्हाला भाड्याने."

कागद टाईप झाला. जनाबाई नऊवारी नीट खोचून, डोक्यात अबोली माळून ऑफिसात आली. वाचून दाखवलेल्या सगळ्या अटी तिला पसंत पडल्या. आणि मग वकीलसाहेब उठून म्हणाले, "आता खुर्च्या बदलू. तुम्ही इथे बसा."

जनाबाई जागची हलेना. "मना नको हो वकीलसाब. तुमच्या खुर्चीन मी कशी बसू? लोकं हसतील."

"कोणी हसत नाही. बसल्याशिवाय सही नाही."

"मंग सही नको. तुमी बोललात ना? झाला मंग."

त्यांनी नाना प्रकारे समजावलं. बाई लाजून लाल झाली, पण बसली नाही. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "बरं, पुढच्या खेपेला. तोवर माझा शब्द आहे." कागद तसाच सहीवाचून राहिला. दुसऱ्या कुणी दोन अंगठे घेऊन मोकळं केलं असतं. पण आपल्या पद्धतीला मुरड घालतील तर ते आढाव वकील कसले.

त्या शब्दावर जनाबाईने हातगाडी आणि ट्रकजवळची जागा आपल्या विधवा जावेला देऊन टाकली, मोठी भांडी घेतली आणि गाळ्याच्या दारावर जाता-येता हात फिरवू लागली. आणि ऐन दिवाळीत वकीलसाहेबांची मुलगी सुवार्ता दातांची डॉक्टर होऊन घरी आली. मिरजेच्या हॉस्पिटलात नोकरी करायची असं तिचं ठरलेलं होतं. पण मार्थाबाईंचे गुडघे दुखत होते, आणि ही एकुलती एक. तिने ठरवलं, इथेच दवाखाना टाकायचा. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त जागा दाखवायची होती. जागा म्हणजे अर्थातच तो गाळा. गाळा मिळाला तेव्हापासून ती तो बंदच बघत आली होती आणि 'हा माझा दवाखाना' असं शाळेत असल्यापासून म्हणत होती. हे वकीलसाहेबांना ठाऊक होतं, पण मिरजेचं नक्की झाल्यावर त्यांनी ते मनातून पुसून टाकलं होतं. विसराळू माणसांसाठी कागद करणारा माणूस स्वतःच विसरला.

ते बापलेकीचं बोलणं माझ्या दुकानाच्या पायरीवरच झालं. भिंत पातळ होती, आणि पायरीला तर भिंतच नव्हती.

"पपा, कागद झालाच नाही ना?"

"नाही झाला."

"मग कायद्याने तुम्ही बांधलेले आहात?"

वकीलसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "कोर्टात गेलं तर बहुतेक सुटेन."

मी हळूच म्हटलं, "मग झालं तर! जनाबाईला दुसरा गाळा बघून देऊ. समजूतदार आहे ती."

"परबशेठ, मला कायद्याने कुठे बांधलं होतं?" ते म्हणाले. "मी बोललो, तिने गाडी देऊन टाकली. आता ती जावेकडे परत मागेल? तीसुद्धा शब्द देऊन बसली आहे."

सुवार्ताचे डोळे भरून आले. ती शांत मुलगी होती, पण त्या दिवशी फाडकन बोलली. "सगळ्या जगाला खुर्च्या बदलायला लावता. पपा, माझ्या खुर्चीत कधी बसणार?"

वकीलसाहेबांनी खिशातून शेंगदाणे काढले, तळहातावर घेऊन बघत राहिले आणि पुन्हा खिशात टाकले. मला त्यांची फार कीव आली, आणि त्यांचा रागही आला. शब्द पाळण्याची हौस या माणसाची, आणि किंमत मोजायची पोरीने, हा कुठला न्याय?

ही बातमी जनाबाईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती दुसऱ्या दिवशी स्वतःच आली, दारातूनच म्हणाली, "वकीलसाब, गाला पोरीला द्या. मी सोरला तुमाला. पोरीपरीस मोठा काय हाय?"

"आणि तुम्ही काय करणार?"

"करीन काय तरी. हात हायत ना?"

वकीलसाहेब उठून उभे राहिले. "जनाबाई, तुम्ही मला सोडलंत, हे तुमचं मोठेपण. पण तुम्ही मोठ्या झालात म्हणून मी लहान व्हायचं का? जरा थांबा."

ते आत गेले. भिंतीवरची आपल्या नावाची पाटी त्यांनी काढली, टाईपरायटर उचलला आणि तो माझ्या काउंटरवर आणून ठेवला. मग सुवार्ताला हाक मारली. "गाळा जनाबाईंचा. ऑफिस तुझं. पाण्याचा नळ आहे, उजेडही जास्त आहे. तुझ्या खुर्चीत बसून रात्रभर बघितलं बाई, तिथून हे ऑफिस रिकामं दिसतं."

सुवार्ता रडायलाच लागली. "आणि तुम्ही कुठे बसाल?"

"वकिलाला काय लागतं? एक टेबल आणि दोन भांडणारी माणसं."

खरं सांगतो, मी दुकानदार माणूस. फायदा सोडणारे लोक मी ऐकून होतो, पाहिले नव्हते. ज्या बाजूने बघावं त्या बाजूने हा माणूस नुकसानीत होता आणि शीळ घालत खिळे उपटत होता. मी म्हटलं, माझ्या दुकानात एका कोपऱ्यात बसा. पण जनाबाईने मधेच कमरेवर हात ठेवले. "तुमच्या दुकानान वह्याच रवत नाय, यांना कुठं ठेवाल? वकीलसाब माझ्याकडं बसतील. सकालचा टेबल रिकामाच असतो."

"बसेन," वकीलसाहेब म्हणाले, "पण भाड्याने. आणि कागद करून."

आणि तो कागद झाला. मालक आपल्याच भाडेकरणीचा पोटभाडेकरू झाला, असा करार मी तरी दुसरा पाहिला नाही. या खेपेला जनाबाईला अडचण आली नाही, कारण खानावळीतली सगळीच बाकडी तिची होती. तिने ठसक्यात अटी सांगितल्या. सकाळी दुकान झाडल्यावर यायचं. बारा वाजता टेबल खाली करायचं, कोणीही आलेलं असो. मासे साफ करताना वास येतो म्हणून कुरकुर करायची नाही. वकीलसाहेबांनी फक्त एक अट आपल्याकडून घातली, की जेवायला इतर गिऱ्हाइकांसारखा नंबर लागेल, मालक म्हणून पुढे घ्यायचं नाही. जनाबाईला ती अट मुळीच पसंत नव्हती. "ह्यो काय याडेपना?" ती मला विचारत होती. मी म्हटलं, सही करा, बाई, याच्याहून शहाणा करार तुम्हाला मिळायचा नाही.

पुढची काही वर्षं मजेत गेली. इकडे सुवार्ताच्या दवाखान्यातून लोक गाल धरून बाहेर यायचे, तिकडे आढाव वकिलांकडून कागद घेऊन. सकाळी खानावळीत कालवणाला फोडणी बसायची आणि त्या खमंग वासात भागीदाऱ्या ठरायच्या. वकीलसाहेबांचं म्हणणं, भुकेल्या पोटी माणूस लवकर तडजोड करतो. त्यांच्या फायलींना कायम कोकमाचे डाग असायचे. नाताळात जनाबाई मार्थाबाईंबरोबर करंज्या लाटायला बसायची, आणि वकीलसाहेब वाटीभर फराळ माझ्या काउंटरवर ठेवून पाटीकडे बघत म्हणायचे, "परत घेतला जाणार नाही." त्यांना थट्टा करायची सवड कधी कमी पडली नाही.

मी दुकान धाकट्या भावावर सोपवून नव्या पनवेलला राहायला गेलो, तेव्हा निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. जायला मला उशीर झाला. बारा वाजून गेले होते, खानावळ गच्च भरली होती आणि बाहेर उन्हात हमालांची रांग होती. रांगेत एक मोठा बिल्डर उभा होता, चांगला गाडीतून आलेला, घाम पुसत. आणि त्याच्या पुढे, काखेत फायली धरून, कोटातले आढाव वकील. बारा वाजता टेबल सोडावं लागलं होतं, आणि करार अर्धाच वाचून झाला होता. ते बिल्डरला उभ्या उभ्या एकेक कलम समजावून देत होते, आणि रांग सरकली की दोघेही एकेक पाऊल पुढे सरकत होते.

आतून जनाबाई ओरडली, "वकीलसाब, या ना आत! एक जागा झाली!"

त्यांनी मान वर करून पुढच्या हमालाकडे बोट दाखवलं. "नंबर यांचा आहे."

हमाल आत गेला. त्यांना भेटून मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तुमच्याशेजारी दुकान होतं हे माझं भाग्य, वगैरे. पण मी तोंड उघडायच्या आधीच ते माझ्याकडे बघून नेहमीसारखं खणखणीत म्हणाले, "सलाम, परबशेठ! जेवूनच जा. माझ्या मागे नाही हं, रांगेच्या शेवटी."

मी शेवटी जाऊन उभा राहिलो.